भाड्याचे घर आणि आडनावाची चौकशी

जून-जुलैच्या सुमारास पुण्याच्या रेल्वे फलाटांवर आणि एसटी स्थानकांवर एक ठरावीक दृश्य दिसते. लातूर, बीड, नांदेड, यवतमाळ, बुलढाणा अशा जिल्ह्यांतून आलेली तरुण मुले-मुली एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात वळकटी घेऊन उतरत असतात. कुणाला चाकणच्या कारखान्यात कंत्राटी काम मिळालेले असते, कुणाला हिंजवडीतील एखाद्या कंपनीत रुजू व्हायचे असते, कुणी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी सदाशिव पेठेच्या वाटेला लागलेले असते. या सर्वांपुढे पहिल्याच दिवशी एकच प्रश्न उभा राहतो : राहायचे कुठे?

या प्रश्नावर शहाणी माणसे सल्ला देतात. कामाच्या ठिकाणाजवळची वस्ती पाहावी. नळाला पाणी किती वेळ येते ते शेजाऱ्यांकडून काढून घ्यावे. बस कुठवर येते, रात्री परतताना रस्त्यावर दिवे असतात काय, दवाखाना आणि शाळा किती अंतरावर आहेत, हे स्वतः हिंडून पाहावे. आणि पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक रक्कम भाड्यात घालू नये. सल्ला चोख आहे. मात्र तो देणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की, निवड नवागताच्या हाती आहे. प्रत्यक्षात ती किती जणांच्या हाती असते? पुण्यासारख्या शहरात भाड्याचे घर शोधणारा माणूस वस्ती निवडतो असे म्हणण्यापेक्षा वस्तीच त्याला निवडते, आणि निवडताना त्याचा पगार पाहण्याआधी त्याचे आडनाव पाहते, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

ही चौकशी उघडपणे क्वचितच होते. सभ्यता त्या बाबतीत फार दक्ष आहे. 'जात कोणती?' असे घरमालक विचारीत नाही. 'मूळ गाव कुठले?', 'आडनाव सांगितले नाहीत तुम्ही', 'खाण्यापिण्याचे कसे काय?' अशा वळणांनी तो इष्ट स्थळी पोहोचतो. नाव मुसलमानाचे असेल तर इतक्या वळणांचीही गरज उरत नाही. 'जागा कालच गेली' असे दलालाला फोनवरच सांगता येते. 'आमची काही हरकत नाही हो, पण सोसायटीत चालत नाही' हे आणखी एक ठरलेले वाक्य. सोसायटीच्या चिटणीसाला विचारावे तर तो म्हणतो, घर ज्याचे त्याचे, मालकाने कुणाला ठेवावे हे आम्ही कोण सांगणार? दोघांच्या मध्ये नकार असा लोंबकळत राहतो की, तो कुणाच्याच नावावर मांडता येत नाही. एकट्या राहणाऱ्या नोकरदार स्त्रीच्या वाट्याला थोड्या फरकाने हेच येते. तिला आडनावाबरोबर 'रात्री किती वाजता परतता?' या प्रश्नाचेही उत्तर द्यावे लागते.

ही तक्रारखोरांची ओरड आहे असे मानणाऱ्यांनी एका पाहणीची दखल घ्यावी. प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दिल्ली व लगतच्या शहरांत भाड्याच्या घरांच्या बाजाराची परीक्षा घेतली, आणि तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध केले. घर शोधणाऱ्यांची नावे तेवढी वेगवेगळी होती. उच्चवर्णीय नावाला दारे सहज उघडली. दलित नावाला त्यांतली बरीच बंद झाली. मुसलमान नावाला सर्वांत अधिक. ज्यांना घर मिळाले त्यांतल्याही काहींना चढे भाडे आणि जादा अटी पत्कराव्या लागल्या. दिल्लीचे हे चित्र महाराष्ट्राला परके वाटण्याचे कारण नाही. येथल्या कोणत्याही दलालाला खाजगीत विचारावे. कोणत्या गल्लीत कोणते आडनाव चालते याचा नकाशा त्याला तोंडपाठ असतो.

नव्या शहरात नोकरीवर रुजू होताना जागेसाठी वणवण करावी लागलेल्या भारतीयांत सर्वांत विख्यात नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. १९१७ च्या सप्टेंबरात ते बडोद्याला गेले तेव्हा न्यूयॉर्क आणि लंडन येथील उच्च शिक्षण त्यांच्या पदरी होते आणि संस्थानची नोकरी हाती होती. एकही हिंदू खाणावळ त्यांना ठेवून घेणार नव्हती. म्हणून ते एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव धारण करून राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी हातांत काठ्या घेऊन तेथे आले आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास फर्मावले. एका हिंदू स्नेह्याकडे विचारणा केली तर नोकर काम सोडून जातील ही अडचण निघाली; ख्रिस्ती स्नेह्याला पत्नीचा सल्ला घ्यायचा होता. अखेर कमाठी बागेत वेळ काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. हा सारा प्रसंग त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवला आहे आणि तो पुष्कळांना ठाऊक असतो. ज्याकडे सहसा लक्ष जात नाही तो तपशील निराळाच आहे. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी संस्थानच्या दिवाणांकडे अर्ज केला होता, आणि तो अर्ज एका अधिकाऱ्याच्या मेजावरून दुसऱ्याच्या मेजावर फिरत होता. राजा सयाजीरावांसारखा सुधारक, सरकारच्या मालकीची घरे, आणि तरीही उच्चविद्याविभूषित अधिकारी बागेत! खाजगी दारे बंद झाल्यावर जे एकच दार उघडू शकत होते ते सरकारी दिरंगाईने बंद राहिले.

गावकुसाबाहेरची वस्ती ही आपल्या समाजाची जुनी नगररचना आहे. महारवाडा, मांगवाडा यांच्या जागा जन्माने ठरत. त्या जाचातून सुटण्यासाठी दलितांनी शहराची वाट धरावी, असे बाबासाहेबांना वाटे. त्यामागची अपेक्षा अशी की, शहरात शेजार भाड्याने ठरेल, जन्माने नव्हे. ही अपेक्षा काही अंशी फळाला आली हे नाकारता येणार नाही. आगगाडीच्या डब्यात, कारखान्याच्या फाटकावर, उपाहारगृहाच्या बाकावर शहराने माणसे खरोखर सरमिसळ केली. सरमिसळ थांबली ती घराच्या उंबरठ्याशी.

मुंबईचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार गाववाल्यांच्या खोलीत पथारी पसरी आणि खानावळीत जेवी. नवख्याला आधार देणारी ही व्यवस्था होती, आणि तिच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण जो गाववाला, तो बहुधा जातवालाही असे. मध्यमवर्गाची तऱ्हा याहून वेगळी नव्हती. कानडा मुलुखातून मुंबईस आलेल्या सारस्वतांच्या निवाऱ्याची सोय व्हावी म्हणून श्रीपाद सुब्राव तलमकी यांनी पुढाकार घेतला आणि १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. भारतातील सहकारी गृहनिर्माणाचा आरंभ तिच्यापासून धरतात. १९१५ साली परक्या शहरात आपल्या माणसांनी एकत्र येऊन घर बांधावे, हे समजण्यासारखे आहे. शंभर वर्षांनंतरही सहकाराच्या नावाखाली तेच कुंपण राखले जावे, हे मात्र समजण्यासारखे नाही. सहकार हा शब्द समाजवादी चळवळीने ज्या अर्थाने जपला त्याची ही विटंबनाच होय.

मग कायदा काय करतो? १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचे चौथे कलम वाचले तर सुखद धक्का बसतो. कोणत्याही वस्तीत निवासी जागा बांधण्यास, संपादन करण्यास अथवा तिच्यात राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला अटकाव करणे हा त्या कलमान्वये गुन्हा आहे. सत्तर वर्षांपूर्वी संसदेने हे लिहून ठेवले. परंतु 'जागा कालच गेली' या वाक्यात कारणच नसते. शिवाय या कायद्याचा आधार मुसलमान किंवा ईशान्य भारतातून आलेल्या भाडेकरूला फारसा नाही. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते यांची दारे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान असा भेद न करता सर्वांना खुली केली. भाड्याचे घर त्या यादीत नाही. आणि २००५ मध्ये अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व पारशांपुरतेच ठेवण्याचा त्या संस्थेचा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरला. परिणामी हॉटेलात एका रात्रीसाठी खोली नाकारणे घटनाविरोधी ठरते आणि त्याच रस्त्यावर अकरा महिन्यांसाठी खोली नाकारणे हा मालकाचा खाजगी विचार ठरतो. अमेरिकेने आणि ब्रिटनने १९६८ साली घरांच्या व्यवहारातील वांशिक भेदभावाला कायद्याने बंदी घातली. त्याने तेथला भेदभाव नाहीसा झाला असे नव्हे; पण नाकारल्या गेलेल्या माणसाला दाद मागण्यासाठी एक दार तरी मिळाले.

घरमालकांची बाजू ऐकून घेतली पाहिजे. सगळेच मालक धनदांडगे नसतात. निवृत्त शिक्षकाने भविष्यनिर्वाह निधीतून घेतलेली दुसरी सदनिका हेच कित्येकदा त्याचे निवृत्तिवेतन असते. भाडेकरू घर बळकावून बसेल ही त्याची भीती पूर्वी निराधार नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने गोठवलेली भाडी दशकानुदशके तशीच राहिली. पेठांतल्या वाड्यांचे मालक महिन्याला काही रुपये भाडे घेत वाडा ढासळताना पाहत राहिले. गरिबाच्या रक्षणासाठी झालेला कायदा नव्या गरिबाला शहरात शिरू देईनासा झाला, कारण घर भाड्याने देण्यास कुणी धजेना, आणि जे दिले ते पागडी घेऊन. ही चूक डाव्या व समाजवादी मंडळींनीही मोकळेपणाने मान्य करावी हे बरे. पण ती स्थिती आता उरलेली नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या चोविसाव्या कलमाने परवान्याची मुदत संपताच जागा परत मिळवण्याचा जलद मार्ग मालकाला दिला आहे. मुदतीनंतर राहणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. भीतीचे कायदेशीर कारण गेले, आडनावाची चौकशी मात्र राहिली. तेव्हा तिचे मूळ मालमत्तेच्या काळजीत नव्हते, हे उघड झाले.

आडनावाचा अडथळा ओलांडला की पैशाचा अडथळा येतो. तीन महिन्यांचे भाडे अनामत, एका महिन्याचे दलालाला आणि चालू महिन्याचे आगाऊ, असे धरले तर सहा हजारांच्या खोलीसाठी पहिल्याच दिवशी तीस हजार रुपये लागतात. अठरा हजारांवर रुजू होणाऱ्या कंत्राटी कामगाराने पहिला पगार हाती येण्याआधी हे कुठून आणायचे? केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केलेली आहे. पण तो राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे आणि नमुन्याने कुणाची अनामत कमी होत नाही. दर अकरा महिन्यांनी करार नवा, भाडे चढे, आणि मालकाचा विचार बदलला तर सामान पुन्हा टेम्पोत. २०२० च्या टाळेबंदीत लाखो श्रमिक पायी गावाकडे निघाले त्याची कारणे अनेक होती. त्यांतले एक खोलीचे भाडे हे होते. कामगारांकडून एक महिन्याचे भाडे मागू नये, असा आदेश केंद्राने २९ मार्च २०२० रोजी काढला. भाडे हे श्रमिकाच्या जीवनातील किती निकडीचे ओझे आहे, याची ती सरकारी कबुलीच होती. ओझे महिनाभर उचलू नका एवढेच त्यात सांगितले होते.

आता ज्यांना निवड नाही ते कुठे जाऊन पोहोचतात ते पाहावे. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे समाविष्ट झाली. शेतात इमारती आधी आल्या. नळ, गटार आणि बस मागाहून येणार होती. भाडे तेथे कमी, चौकशीही त्या मानाने कमी, म्हणून नवागत तिकडे लोटला जातो आणि टँकरच्या पाण्यावर संसार मांडतो. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांत पाणी शिरले. २०२५ च्या जानेवारीत त्याच भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी येथे 'जीबीएस' या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि संशय दूषित पाण्याकडे वळला. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर पाहिलेला जुना पुणेकर नदीची पूररेषा ओळखतो. बीडहून आलेल्या मुलाला ती कोण सांगणार? भाडेकरारात भिंतीला खिळा ठोकू नये याचे कलम असते. इमारत पूररेषेच्या आत आहे की बाहेर, आणि पिण्याचे पाणी कुठून येते, याचे नसते. नोंदणीकृत करारात या दोन गोष्टी लिहिणे मालकावर बंधनकारक करायला शासनाला एक पैसाही खर्च येणार नाही.

खर्चाची बाब पुढे येते ती घरांची. एके काळी शासनाला ही जबाबदारी मान्य होती. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला तेव्हा कामगारांची वसाहत त्याच्याबरोबर आली. १९५२ च्या अनुदानित औद्योगिक गृहनिर्माण योजनेतून देशभर कामगारांसाठी भाड्याची घरे बांधली गेली. पुढे धोरण पालटले. १९७७ मध्ये स्थापन झालेली म्हाडा आज घरे सोडतीने विकते. ज्याच्यापाशी कर्ज फेडण्याइतका पगार आणि अधिवासाचा दाखला आहे त्याच्यासाठी ती सोडत. कालच गाडीतून उतरलेल्या माणसाला विकत घर नको असते, त्याला पहिली दोन-तीन वर्षे टेकायला जागा हवी असते. २०२० मध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना जाहीर केली, तिचा गाजावाजा पुष्कळ झाला आणि घरे थोडी झाली. हिंजवडी आणि चाकण येथे औद्योगिक विकास महामंडळाने शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन कंपन्यांना भूखंड दिले. तेथे झाडणारे, पहारा देणारे, गाड्या हाकणारे आणि यंत्रावर उभे राहणारे हात रात्री कुठे निजतील, हा प्रश्न नकाशा आखणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

जागा देण्याऐवजी पैसे देण्याकडे सरकारचा कल आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याने २०१६-१७ पासून स्वाधार योजना सुरू केली. तिच्या मूळ निर्णयानुसार पुण्यासारख्या शहरात वर्षाला साठ हजार रुपये मिळत, त्यांत निवासाचा वाटा वीस हजारांचा, म्हणजे महिन्याला सुमारे साडेसोळाशे रुपये. एवढ्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवरची एक खाटही मिळणे कठीण. पण रक्कम दुप्पट केली तरी मूळ प्रश्न सुटत नाही. ज्याला खोली आडनावामुळे नाकारली गेली त्याच्या हातात सरकारने नोटा ठेवाव्यात आणि पुन्हा त्याच दाराकडे पाठवावे, हा न्याय अजब आहे.

सार्वजनिक घरमालक हा यावरचा उपाय आहे. व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने १९२३ ते १९३४ या काळात श्रीमंतांच्या घरांवर चढता कर बसवून साठ हजारांहून अधिक भाड्याची घरे बांधली. आजही त्या नगरपालिकेच्या मालकीची सुमारे दोन लाख वीस हजार घरे आहेत. पण व्हिएन्नातही नगरपालिकेचे घर मागण्यासाठी शहरात दोन वर्षांचे वास्तव्य लागते, म्हणजे नवागत तेथेही पहिली दोन वर्षे खाजगी मालकाच्याच दारात उभा. आणि सरकार मालक झाले की शेजार आपोआप मिसळतो असेही नाही. मुंबईच्या बीडीडी चाळी सरकारी होत्या. तरी वरळीला कोणती चाळ कुणाची हे लोकांनी वाटून घेतले होते, आणि १९७४ च्या जानेवारीत त्याच रेषांवर दंगल पेटली. घर बांधणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते वाटण्याची रीत महत्त्वाची.

म्हणून समाविष्ट गावांच्या नगररचना योजनांत आणि औद्योगिक महामंडळाच्या प्रत्येक नव्या वसाहतीत भाड्याच्या घरांसाठी जमीन राखून ठेवण्याची मागणी करताना तिच्याबरोबर वाटपाचा नियमही मागितला पाहिजे. खोल्या महापालिकेच्या मालकीच्या असाव्यात, मुदत तीन वर्षांची असावी, अनामत एका महिन्याच्या भाड्याहून अधिक नसावी, आणि नोकरदार स्त्रियांसाठी ठरावीक हिस्सा असावा. अर्जात कामाचा पत्ता, पगार आणि कुटुंबातील माणसांची संख्या एवढेच लिहावे लागावे. अर्जाला क्रमांक मिळावा, खोली त्या क्रमांकाला सोडतीने लागावी; आणि अर्जदाराचे नाव व आडनाव किल्ली हातात देताना, पावतीवर, पहिल्यांदा लिहिले जावे.